नृसिंहवाडीत ड्रोन उडवता येतो का? कोल्हापूर विमानतळाभोवतीची हवाई हद्द आणि रेड, यलो, ग्रीन झोन : सोप्या भाषेत

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी वाढलं की नृसिंहवाडीच्या दत्त मंदिराचे व्हिडिओ फोनवर यायला लागतात. पाणी मंदिरात शिरलं, दक्षिणद्वार सोहळा झाला, की वरून घेतलेला एखादा शॉट हमखास व्हायरल होतो. मग प्रश्न येतो : आपणही ड्रोन उडवला तर चालतं का? कोणी म्हणतं, "कोल्हापूरला विमानतळ आहे, जिल्ह्यात ड्रोन बंदी आहे." कोणी म्हणतं, "२५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कसलाच नियम नाही."

दोन्ही चूक आहे. खरं उत्तर मिळवायचं तर विमानतळाभोवतीची हवा कशी वाटून दिलेली असते, ते आधी समजून घ्यावं लागतं.

नियंत्रित हवाई हद्द म्हणजे काय?

आकाश मोकळं दिसतं, पण विमानांसाठी ते खोल्या-खोल्यांमध्ये विभागलेलं असतं. काही खोल्यांमध्ये परवानगीशिवाय शिरता येत नाही. तिथे येणारं प्रत्येक विमान हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, म्हणजे एटीसीशी, रेडिओवर बोलतं आणि सांगितलेली उंची व दिशा पाळतं. हीच नियंत्रित हवाई हद्द. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हवाई हद्दीचे ए ते जी असे सात वर्ग ठरवले आहेत. ए ते ई हे नियंत्रित, तर एफ आणि जी अनियंत्रित. कोणत्या वर्गात एटीसी किती जबाबदारी घेणार आणि वैमानिकाने स्वतः किती पाहायचं, हे त्यावरून ठरतं.

या हद्दीचा आकार समजायला उलटी ठेवलेली उतरंड डोळ्यांसमोर आणा. खाली विमानतळाजवळ लहान घेर, आणि तो जमिनीपासूनच सुरू होतो. वर जावं तसा घेर मोठा होतो, पण त्याचा तळ जमिनीपासून उंच असतो. कारण सरळ आहे : उतरणारं विमान विमानतळाजवळ आल्यावरच खाली येतं, लांब असताना ते उंचच असतं. उतरंडीच्याही वर, मोठ्या उंचीवरून जाणाऱ्या विमानांचं नियंत्रण विभागीय केंद्राकडे असतं. महाराष्ट्रावरचं आकाश मुंबई विभागात येतं.

कोल्हापूरचा विमानतळ आणि वाडी : अंतर किती?

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला. मधली बरीच वर्षं नियमित विमानसेवा नव्हती. २०१८ मध्ये 'उडान' योजनेतून ती पुन्हा सुरू झाली आणि १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. म्हणजे हा आता चालू विमानतळ आहे, आणि ड्रोनचे नियम लागू होताना 'चालू विमानतळ' हाच शब्द महत्त्वाचा असतो. सांगलीजवळच्या कवलापूरसारख्या वापरात नसलेल्या धावपट्टीभोवती तशी वर्तुळं पडत नाहीत.

कोल्हापूरच्या धावपट्टीचं नाव आहे ०७/२५. हा अनुक्रमांक नाही, ती दिशा आहे. २५ म्हणजे होकायंत्रावर साधारण २५० अंश, अर्थात पश्चिम-नैर्ऋत्येकडे तोंड. उलट बाजूने तीच धावपट्टी ०७, म्हणजे साधारण ७० अंश, पूर्व-ईशान्येकडे. २५ नंबरवर उतरणारं विमान पूर्वेकडून येतं. धावपट्टीची रेषा पूर्वेला लांबवली तर ती इचलकरंजी आणि हातकणंगले यांच्या मधून पुढे वाडीच्या थोडं उत्तरेकडून जाते.

नृसिंहवाडी उजळाईवाडीपासून सरळ रेषेत ३० किलोमीटरपेक्षा थोडी जास्त लांब आहे. रस्त्याने हे अंतर जास्त भरतं, पण हवाई नियमांत सरळ रेषाच मोजतात.

विमान किती उंचीवर असतं? साधं गणित

विमानं उतरताना साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतात. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. त्यावरून :

- धावपट्टीपासून ५ किमीवर : सुमारे २६० मीटर
- ८ किमीवर : सुमारे ४२० मीटर
- १२ किमीवर : सुमारे ६३० मीटर
- वाडीइतक्या अंतरावर : १,६०० मीटरपेक्षा जास्त

ड्रोनसाठी नेहमीची कमाल उंची १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. मग ५ किमीवर २६० मीटरवरून जाणाऱ्या विमानाला १२० मीटरवरच्या ड्रोनचा काय त्रास, असं वाटू शकतं. पण सगळी विमानं सरळ रेषेत ३ अंशांनीच येतात असं नाही. कधी विमान धावपट्टीभोवती वळसा घालून उतरतं. कधी उतरणं रद्द करून पुन्हा वर जातं. उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडलं तर ते हळूहळू वर चढतं. हेलिकॉप्टर तर मुळातच खालून उडतं. शिवाय ड्रोनचा सिग्नल तुटला की तो कुठे जाईल याची खात्री नसते. म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवतात.

आता वजनाचं. २५० ग्रॅमचा ड्रोन आणि ताशी २५० किमी वेगाचं विमान यांची टक्कर झाली तर ऊर्जा सुमारे ६०० ज्यूल होते. ताशी १४० किमी वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत ती साधारण १२० ज्यूल असते. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या पाचपट तडाखा. त्यातच मोटर आणि बॅटरी हे कडक भाग. "छोटा आहे, काय होणार?" याचं उत्तर इथे मिळतं.

रेड, यलो, ग्रीन : तीन झोन

भारतात 'ड्रोन नियम २०२१' ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाले. त्यानंतर २४ सप्टेंबर २०२१ ला सरकारने देशाचा ड्रोन हवाई नकाशा प्रसिद्ध केला. तो 'डिजिटल स्काय' या सरकारी पोर्टलवर मोफत पाहता येतो. अंतर मोजतात ते विमानतळाच्या हद्दीपासून, म्हणजे कुंपणापासून. टर्मिनलच्या दारापासून नव्हे.

- ५ किमीपर्यंत : रेड. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन जमिनीवरून उचलायचाही नाही.
- ५ ते ८ किमी : यलो. जमिनीपासूनच यलो. संबंधित एटीसीची आधी परवानगी हवी.
- ८ ते १२ किमी : ६० मीटरपर्यंत (२०० फूट) ग्रीन, त्याच्या वर यलो.
- १२ किमीच्या पुढे : १२० मीटरपर्यंत (४०० फूट) ग्रीन, त्याच्या वर यलो. मात्र तिथे दुसरा कुठला रेड किंवा यलो झोन नसला पाहिजे.

ग्रीन झोनमध्ये उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. सगळा गोंधळ इथेच होतो. 'परवानगी लागत नाही' म्हणजे 'नियम नाहीत' असं नव्हे. नोंदणी, उंचीची मर्यादा, माणसं असलेल्या विमानाला वाट देणं, हे सगळं ग्रीनमध्येही लागू असतं.

कोल्हापूर परिसरात हे साधारण असं पडतं : गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि शिवाजी विद्यापीठ विमानतळाच्या अगदी जवळ, रेडच्या अंतरात. अंबाबाई मंदिराचा भाग यलोच्या अंतरात. रंकाळा ८ किमीच्या सीमेच्या आसपास, त्यामुळे तिथे अंदाजावर उडवणं धोक्याचं. कागल ८ ते १२ च्या पट्ट्यात. इचलकरंजी, जोतिबा, पन्हाळा आणि नृसिंहवाडी १२ किमीच्या बाहेर. पण ही फक्त विमानतळापासूनची अंतरं झाली. रेड झोन इतर कारणांनीही असतात, आणि नकाशा अधिकृत यंत्रणांकडून वेळोवेळी बदलला जातो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा पाहायचाच.

आधी वाडीही वर्तुळात होती

ऑगस्ट २०२१ च्या आधी विमानतळाभोवतीचा यलो झोन ४५ किमीपर्यंत होता. म्हणजे उजळाईवाडीपासून तीस-बत्तीस किलोमीटरवरची वाडी, शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूर हा सगळा टापू त्यात यायचा. घाटावर पाच मिनिटांचं शूटिंग करायला विमानतळाकडून परवानगीची गरज! नव्या नियमांनी ती हद्द १२ किमीवर आणली.

हा बदल फक्त रीलवाल्यांच्या फायद्याचा नाही. शिरोळ तालुका उसाचा. औषध फवारणीच्या ड्रोनला, पुरानंतर पिकांच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या ड्रोनला, गावठाणाच्या मोजणीला दर वेळी एटीसीकडे जावं लागलं असतं, तर ही कामं उभीच राहिली नसती. बचत गटांतल्या महिलांना फवारणीचे ड्रोन देणारी केंद्राची 'नमो ड्रोन दीदी' योजना २०२३ मध्ये आली. ग्रीन झोन मोठा झाल्यामुळेच अशा योजनेला जागा मिळाली.

मग वाडीत कधीही उडवायचा का? नाही. पूर आला की चित्र बदलतं

विमानतळाची वर्तुळं कायमची असतात. पण झोन तात्पुरतेही बदलतात. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागाला 'तात्पुरता रेड झोन' जाहीर करू शकतात. हा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा असतो आणि तो झोन डिजिटल स्कायच्या नकाशावर दाखवावा लागतो. महत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा, मोठी यात्रा, दंगल, आपत्ती अशा वेळी हे होऊ शकतं. याशिवाय जिल्हा प्रशासन स्वतंत्र मनाई आदेशही काढू शकतं. वाडीचा कन्यागत महापर्वकाळ बारा वर्षांनी येतो, मागचा २०१६ मध्ये झाला. अशा पर्वाला लाखो लोक जमतात, तेव्हा 'नकाशा ग्रीन होता' एवढ्यावर भागणार नाही.

आणि महापूर. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये एनडीआरएफबरोबर नौदलाची पथकंही इथे बचावाला होती. अशा वेळी हेलिकॉप्टर कधीही येऊ शकतं. त्याला धावपट्टी लागत नाही आणि ३ अंशांचा उतारही लागत नाही. छतावरच्या माणसांना उचलायला, पाकिटं टाकायला ते शंभर मीटरच्या खाली येतं. नेमक्या त्याच उंचीवर तुमचा ड्रोन असतो. वैमानिकाला आकाशात फुटभर रुंदीचा करडा ड्रोन दिसत नाही. आणि ड्रोन दिसला, तरी सुरक्षेसाठी त्याला मागे फिरावं लागतं. तेव्हा छतावरच्या कुटुंबाला अजून थांबावं लागतं.

ही भीती कल्पनेतली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ वणवा पेटला असताना पाणी टाकणाऱ्या विमानावर एका हौशी माणसाचा ड्रोन आदळला. पंखाला भोक पडलं, विमान उतरवावं लागलं, आणि ऐन आगीत ते कामाबाहेर गेलं. त्या माणसाला आग जवळून पाहायची होती, बस्स. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या तक्रारींवरून धावपट्टी बंद ठेवावी लागली. सुमारे १,००० उड्डाणांवर आणि १ लाख ४० हजार प्रवाशांवर परिणाम झाला. तिथे टक्कर झालीच नव्हती, नुसती शंका पुरेशी ठरली.

म्हणून साधा नियम : हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन लगेच खाली. बचावकार्य चालू असेल तर तो पिशवीतच. प्रशासनाला हवाई चित्रण हवं असेल तर ते सांगतील, तेव्हा त्यांच्याबरोबर उडवा.

नोंदणी आणि पायलट प्रमाणपत्र : कोणाला काय लागतं?

ड्रोनचे वजनावरून गट आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २५० ग्रॅम ते २ किलो मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, त्यापुढे मीडियम आणि लार्ज.

- यूआयएन : हा ड्रोनचा युनिक ओळख क्रमांक, गाडीच्या नंबरसारखा. तो सरकारी पोर्टलवर नोंदणी करून मिळतो. जुना ड्रोन विकत घेताना यूआयएन आहे का आणि तो तुमच्या नावावर होईल का, हे आधी विचारा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे (संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा वगळून), त्यामुळे बिलाशिवाय 'स्वस्तात' मिळणारा माल नंतर महागात पडतो.
- रिमोट पायलट प्रमाणपत्र : नॅनोला लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवत असाल तरी लागत नाही. पण लग्नाचं शूटिंग, जाहिरात असं पैसे घेऊन काम करत असाल तर मायक्रोलाही लागतं. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. २०२३ पासून त्यासाठी पासपोर्टची सक्ती राहिलेली नाही.
- दंड : ड्रोन नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत. कोणाचा जीव धोक्यात आणला तर फौजदारी गुन्हा वेगळा.

ॲपमधली उंची आणि नकाशा यावर किती विश्वास ठेवायचा?

ड्रोनच्या ॲपमध्ये दिसणारी उंची सहसा ड्रोन जिथून उचलला तिथून मोजलेली असते. वाडी सपाट आहे, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. पण जोतिबाच्या डोंगरावरून उडवून ड्रोन दरीवर नेला तर ॲप १०० मीटर दाखवेल आणि खालच्या जमिनीपासून तो कितीतरी उंच, म्हणजे यलोमध्ये असेल. नियमातली उंची जमिनीपासूनची असते.

दुसरं म्हणजे कंपनीच्या ॲपमधला 'नो फ्लाय' नकाशा. तो कंपनीचा आहे, सरकारचा नाही. ॲपने उड्डाण करू दिलं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. चालतो तो फक्त डिजिटल स्कायचा नकाशा.

फक्त ड्रोनच नाही

विमानतळाभोवतीचे नियम ड्रोन नसलेल्यांनाही लागू होतात. परिसरात उंच इमारत किंवा मोबाइल टॉवर उभारायचा तर उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागू शकते. त्यासाठी रंगांनुसार उंची दाखवणारा वेगळा नकाशा असतो. विमानतळापासून १० किमीच्या आत उघड्यावर कचरा किंवा मांसाचे अवशेष टाकायला मनाई आहे, कारण त्यावर घारी-गिधाडं जमतात आणि पक्षी इंजिनात जातात. वैमानिकाचे डोळे दिपतील असे दिवे किंवा लेझर विमानाच्या दिशेने मारणं हाही गुन्हाच. वरातीतल्या डीजेच्या लेझरचा झोत आभाळाकडे फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

उड्डाणाआधीची यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१. डिजिटल स्कायच्या नकाशावर आजच्या तारखेला ती जागा ग्रीन आहे का?
२. तात्पुरता रेड झोन किंवा जिल्हाधिकारी-पोलिसांचा मनाई आदेश आहे का?
३. यूआयएन आहे का? पैशाचं काम असेल तर पायलट प्रमाणपत्र?
४. कमाल उंची ॲपमध्ये १२० मीटरवर (८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० वर) लॉक केली का?
५. देवस्थानच्या आवारात व्यवस्थापनाला विचारलं का? खिद्रापूरच्या कोपेश्वरासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूवर उडवायचं तर त्या खात्याची परवानगी वेगळी.
६. खाली गर्दी आहे का? घाटावर आंघोळ करणाऱ्यांच्या डोक्यावरून ड्रोन नेऊ नका. पडला तर लागतोच, आणि त्यांच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे.
७. 'रिटर्न टू होम' उतरण्याची जागा कोरडी आहे का? पाणी चढत असताना ज्या पायरीवरून उडवलं ती पंधरा मिनिटांत बुडालेली असू शकते.

नेहमीचे प्रश्न

*नॅनो ड्रोन रेड झोनमध्ये चालतो का?* नाही. झोनचे नियम वजन पाहत नाहीत.

*यलो झोनची परवानगी कोण देतं?* संबंधित एटीसी. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. विमानतळाच्या गेटवर जाऊन तोंडी विचारलेली परवानगी चालत नाही.

*पतंगाचं काय?* पतंग ड्रोन नाही. पण विमानतळाशेजारी पतंग किंवा आकाशकंदील उडवणं उतरणाऱ्या विमानाला तितकंच घातक. उजळाईवाडी परिसरात ते टाळाच.

*कोणी चुकीच्या ठिकाणी ड्रोन उडवताना दिसला तर?* ११२ वर पोलिसांना कळवा. पूर असेल आणि हेलिकॉप्टर फिरत असेल, तर व्हिडिओ काढत बसण्याआधी त्या माणसाला ड्रोन खाली घ्यायला सांगा.

थोडक्यात, साध्या दिवशी, नोंदणी केलेला ड्रोन, १२० मीटरच्या आत, नकाशा ग्रीन असताना : वाडीत उडवायला विमानतळाची हरकत नाही. पुराच्या दिवशी तोच नकाशा ग्रीन दिसला तरी वरचं आकाश आधी बचाव पथकाचं आहे.